ताश्री की वेलूम, याचा लिफ्टमध्ये लागलेला निकाल

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे कमरेपर्यंतच वाकलो आहे, उरलेला भाग गृहीत धर.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला थांबला असेलच, नसला तर त्यांनी तो लपवून ठेवला असेल. माझं उत्तम चाललंय. लिफ्टदुरुस्तीच्या धंद्यात चढउतार असायचेच. (हा विनोद मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. दुरुस्ती होईपर्यंत तेही हसतात.)

मी रविवारी दुपारी जातो कुठे, असं तू विचारलं होतंस. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं मंडळ भरतं. एक नऊ भागांची दर्यावर्दी कादंबरी आहे, तिच्या भक्तांचं. त्यातल्या बेटांवरच्या लोकांची भाषा लेखिकेने स्वतः रचली आहे आणि तिच्यात नात्यांना ढीगभर शब्द आहेत. आता शब्द आपल्याकडेही कमी नाहीत. मावसजाऊ काय, चुलतसासरा काय. पण कोण कुणाच्या पोटचं आणि कुणाच्या घरात दिलेलं, एवढंच ते सांगतात. दोघांचं पटतं का, हे विचारायची सोय नाही. बेटवाले नेमकं तेच सांगतात. वेलूम म्हणजे एका बोटीत बसून एकाच दिशेला बघणारे दोघे. ताश्री म्हणजे भेटले की भांडणारे आणि नाही भेटले की बेचैन होणारे. (तू आणि दाजी कोण, ते तुम्ही आपसात ठरवा.)

वाद होता सुकाणूवाली आणि तिच्या बोटीवरचा कैदी यांचा. मी म्हणत होतो ताश्री. उघड आहे. पण आमच्यात दातांची एक डॉक्टर आहे, ती म्हणे वेलूम. आणि म्हणायची पद्धत अशी, की आपण आ करून खुर्चीत बसलोय आणि उलट बोलायची सोय नाही. औषधाच्या दुकानवाल्याने मध्येच दुसऱ्या कुठल्याशा गोष्टीतला घोडा आणि त्याचा मालक यांना वेलूम ठरवायला घेतलं, तेव्हा तर परक्या पुस्तकातल्या जोड्यांना हे शब्द लावावेत की नाही यावरच दोन तट पडले. आमचे अध्यक्ष भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी घोड्याचा विषय पुढे ढकलला.

मागच्या रविवारी मी आणि डॉक्टरीणबाई वाद घालतच वर जायला लिफ्टमध्ये शिरलो आणि लिफ्ट मध्येच थांबली. तिची देखभाल माझ्याकडे आहे हे खरं, पण दोष लिफ्टचा नव्हता, वीज गेली होती. (हे मी सगळ्यांना सांगितलं आहे, तूही सांग.) बाई वाद सोडून हळूच म्हणाल्या, "मला बंद जागेत श्वास पुरत नाही." मी मोबाइलचा दिवा लावून त्यांना हवा कुठून येते ते दाखवलं, ब्रेक कसे धरतात ते समजावलं. काही उपयोग नाही. तेव्हा मला एकच सुचलं. मी म्हणालो, "पाचव्या भागात कैदी दोर कापतो तो रागाने. मायेचा त्यात संबंध नाही."

अक्का, गाल लाल झाले त्यांचे. पाचवा भाग मी उलटा धरून वाचला असणार, इथपासून सुरुवात झाली ती वीज येईपर्यंत. मी मुद्दाम हरत नव्हतो आणि जिंकतही नव्हतो. माझी बाही मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

दार उघडलं तर समोर अख्खं मंडळ. मास्तरांनी विचारलं, शेवटी ठरलं काय? बाहीवरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "ताश्री." आणि जिन्याने खाली गेल्या. म्हणजे मी जिंकलो. टाळ्या झाल्या, मी आभाराचं छोटं भाषणही केलं. खऱ्या अभ्यासापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तुला कळावं म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. औषधवाल्याने मला घरी जाताना गाठून विचारलं, बाई कादंबरीतल्या जोडीबद्दल बोलत होत्या असं तुम्हाला खरंच वाटलं? मी म्हणालो, अर्थात. रात्री जरा विचार केला आणि सकाळी बाईंच्या दवाखान्यात गेलो. खुर्चीतल्या पेशंटच्या तोंडात आरसा तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचं आभाराचं भाषण मी जिन्यात उभं राहून ऐकलं. आता निदान चहाला तरी विचारा." मी विचारलं. आम्ही दोन तास भांडलो. फार छान वाटलं.

ता. क. २. माझ्या लग्नाचा विषय तू कंटाळून सोडून दिलास, तो पुन्हा हातात घे. त्यांना मी पसंत आहे असं दिसतं, पण तुझ्या डोळ्याखालून गेल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडणार नाही. तू बघायला आलीस असं वाटू नये म्हणून गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे तुझ्या नावाने वेळ घेतली आहे. तुझे सगळे दात धडधाकट आहेत हे मला ठाऊक आहे. वरचा दुखतो की खालचा, तेवढं घरून ठरवून ये. दाजींना आणू नकोस. त्यांची दाढ खरंच किडलेली आहे, सगळा वेळ त्यातच जाईल.