मूठभर माती

पौड, मंगळवार, चैत्र शुद्ध पंचमी

शिंकं आज तुटलं नाही! आमचं अंगण धरणात गेलं, तिथली माती गोणीभर आणलेली. शिंक्यात टांगलेल्या अबोलीच्या रोपाच्या टोपलीत तीच काठोकाठ भरत होते. दोनदा सुंभ तुटला, अबोली ओट्यावर आपटली. हट्टच ना माझा?

सकाळी मेंढ्यांमागून चाललेली धनगरीण थांबली. "बाई, लई जड केलंया. तळाला लोकर हातरा, त्यावर भाताचं तूस भरा. लोकर पानी धरतीया. माती वर मूठभर पुरं."

ओटीतली मळकी लोकरही तिनंच काढून दिली. नाव विचारायचं राहिलं. भलं होवो तिचं.

मूठभर! टोपली डुलते आहे, गोणी अजून भरलेलीच. माझ्यासारखंच गाव सोडून आलेल्या शेजारणींना उद्या एकेक मूठ देईन. त्यांचंही अंगण बुडालंय.