सड्यावर चढणारं पाणी

रविवार, १० मे १९८७

पुरतं! पाणी पुरतं — आणि वर उरतं.

सड्याच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कातळी पठाराच्या पायथ्याशी, झरीचा पाट जिथे विद्यापीठाच्या पंपाच्या विहिरीत पडतो, तिथे माझी फळी बसवली. सागवानी, मधोमध त्रिकोणी खाच. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते पट्टीवर वाचायचं, त्यावरून पाणी काढायचं. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. म्हापशाच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या पुस्तकातून शिकलो, मांडीवर शब्दकोश घेऊन. मागच्या रविवारीही हाच आकडा आला होता. दोन मोजण्या, एकच आकडा — याला म्हणतात काम! आणि मोजायचं ते मे महिन्यात. पावसात काय, कुठलीही झर विद्यापीठ पोसेल.

विद्यापीठाचा इंजिनियर जयराम खूश. त्याच्या डोक्यावर सड्यावरची दोन नवी वसतिगृहं — एक मुलग्यांचं, एक मुलींचं. जुलैत उघडायची, आणि पाण्याचा अहवाल नाही. मुंबईचा तज्ज्ञ आलाच नाही. ‘‘सगुणबाब, तुमी मोजा, हांव सय मारतां,’’ म्हणाला — मोजणी माझी, सही त्याची. पेडण्याच्या बाजारात पंप दुरुस्त करणाऱ्यावर एवढा विश्वास! देव त्याचं भलं करो. दुकान सहा दिवस उघडं, म्हणून मोजणी रविवारी.

अहवाल मराठीत लिहून दिला. तो म्हणतो, आता कोंकणी राजभाषा झाली, आणि वर साहेबांना इंग्रजीच लागते. म्हटलं, तोंडात कोंकणी, हातात मराठी, इंग्रजी तू बघ! हसत घेऊन गेला.

मुख्य म्हणजे सुविधाची सोय झाली. पोरीचे आजवरचे गुण बघता एम.एस्सी.ला जागा मिळणारच. पण हरमलहून तीन बस बदलून रोज जाणार कशी? वसतिगृह नाही तर शिक्षण नाही. आणि एक वर्ष घरी बसली की तिचा मामा बांद्याचं ते स्थळ पुन्हा काढणार, हे लिहून ठेवतो.

गुरुवार, १४ मे

सुविधाच्या आईने, कमलाक्षीने, बिछान्याचा होल्डॉल काढून उन्हात घातला. अजून निकाल नाही, काही नाही! मी म्हटलं, तू होतीस म्हणून पोरगी शिकली. तर म्हणते, ‘‘सकाळीं सकाळीं कितें जालां तुमकां?’’

रविवार, १७ मे

फळी काढून आणायला गेलो. पाटाच्या काठाला कुळागर आहे — पोफळी, मिरी, पानवेली. ते राखणारी चंद्रावती पानं खुडत होती. मोठी तोंडाळ बाई.

‘‘फिटरा, जालें मरे तुजें मोजप?’’

जालें म्हटलं. उदक पुरता.

‘‘पुरतलें मरे! आयतारा पाट कोण फोडटा? राखणदाराचो वार. कुळागराक एक थेंब लायनात. मंगळारा येवन पळय — तुजे फळयेक घाम येतलो!’’

हातातली पक्कड तशीच राहिली.

झरीचा राखणदार देव. रविवारी त्याचा मान, म्हणून त्या दिवशी कुणी पाटाला हात लावत नाही. सगळं पाणी खाली पंपाच्या विहिरीत. इतर दिवशी कुळागरवाले पाळीपाळीने बांध फोडून आपापला वाटा घेतात — विद्यापीठ यायच्या कितीतरी आधीपासून. आणि मी मोजलं ते दोन्ही वेळा रविवारी!

बाहेरचा कुणी असता तर एक वेळ ठीक. मी स्वतः हरमलला रविवारी राखणदाराला नारळ देतो!

त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही. ती फार हसत होती.

मंगळवार, १९ मे

दुकान बंद ठेवून गेलो. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, बांध फोडल्यावर मोजलं, पाळी बदलल्यावर मोजलं.

निम्मं.

बुधवार, २० मे

कमलाक्षीला सांगितलं. ती ताक घुसळायची थांबली. ‘‘सय जाली, कागद गेलो. तुमकां कोणी विचारलां?’’ कुणी नाही. तेच तर! मी बोललो नाही तर वसतिगृहं उघडतील. सुविधा जाईल. आणि मार्च आला की सगळी पोरं बादल्या घेऊन पाटावर. मग कुळागरवाल्यांशी भांडण, आणि कुळागरं सुकणार. अहवालावर नाव जयरामचं.

आणि बोललो तर माझीच पोरगी घरी.

सुविधाने दाराआडून ऐकलं. ‘‘बाबा, चुकली ती फळी की तुम्ही?’’ मी म्हणालो, मी. ती आत गेली.

फळी चुकत नाही.

गुरुवार, २१ मे

जयरामला सगळं सांगितलं. तोंड उतरलं त्याचं. मला वाटलं, आता हा मला बाहेर काढणार. पण चहा मागवला, पाव मागवला. ‘‘सगुणबाब, हें तुमी मार्चाक सांगिल्लें जाल्यार हांव तोंड खंय लिपयतलों आसलों?’’ नवा अहवाल लिहिला: मिळणारं पाणी निम्म्या माणसांना पुरेल, कुळागराच्या पाळीला धक्का न लावता. हे शेवटचे शब्द मी आग्रहाने घातले. त्याने एक अक्षर न बदलता सही केली. असा अधिकारी मिळणं हे भाग्य.

मंगळवार, २६ मे

वरून निर्णय आला. मुलग्यांचं वसतिगृह उघडणार. मुलींचं पुढच्या वर्षी, दुसरी विहीर खणून झाल्यावर.

घरी सांगितलं. वाटलं होतं सुविधा रडेल. रडली नाही. कमलाक्षी होल्डॉल माळ्यावर टाकून आली, जरा जोरातच.

मी म्हटलं, एक वर्ष बघता बघता जाईल.

बुधवार, २७ मे

सुविधाने अहवालाची माझ्याकडची प्रत मागितली. माणशी पाणी किती धरलं, एका इमारतीत माणसं किती, सगळं खोदून खोदून विचारलं. मी फळी दाखवली, खाच दाखवली. तासभर बसली समोर. एवढा राग असून शिकायला बसली — मनात म्हटलं, माझीच पोर!

शनिवार, ३० मे

गोवा राज्य झालं! देवळापाशी फटाके, लाडू. बाबली मासेवाला मला म्हणतो, ‘‘फिटरा, आतां तरी नळाक उदक येतलें मरे?’’ म्हटलं, आधी मोजूया! सगळे हसले. बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी.

सुविधा नव्हती. मैत्रिणीकडे, अंकिताकडे गेली होती.

बुधवार, ३ जून

जयराम स्कूटरवरून दुकानात आला. निर्णय फिरला!

सोमवारी सुविधा, अंकिता आणि आणखी दोघी पणजीला जयरामच्या साहेबांच्या कार्यालयात गेल्या होत्या. कमलाक्षीला ठाऊक होतं. मला नाही. माझाच आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सुविधाने विचारलं, ‘‘पाणी एका इमारतीला पुरतं. ती इमारत कुठली, हे पाण्याने सांगितलं काय?’’

मुलींचं उघडणार. मुलगे सड्याखालच्या गावात खोल्या बघतील.

मी जयरामसाठी चहा मागवला. हा प्रश्न माझ्या अहवालात नव्हता. माझ्या डोक्यातही नव्हता.