काकांच्या माऊथ ऑर्गनचा शोध

३ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललेलं नंतर सापडत नाही म्हणून पत्रच लिहायचं, हा तुझा नियम मी पाळते आहे. इथल्या मैत्रिणी हसतात, हसोत.

ग्रंथालयात काम करणाऱ्यांसाठीचं ते ऑनलाइन प्रशिक्षण आता संपत आलं. माहिती कशी शोधायची ते एक बाई आम्हाला पडद्यावरून शिकवतात. नेट अडकलं की त्या तोंड उघडं ठेवून थिजतात, आणि मी उगीचच ताठ बसते, न जाणो त्यांना मी दिसत असले तर. शेवटी एक प्रात्यक्षिक आहे. खऱ्या माणसाचा खरा प्रश्न घ्यायचा, उलटसुलट विचारून तो नीट समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं आणि शोध कसा केला ते जसंच्या तसं लिहून पाठवायचं. खाली विचारणाऱ्याची समाधान झाल्याची सही. हे पार पडलं तर साहेब मला वाचकांना मदत करायच्या टेबलावर बसवणार. नाहीतर परत तळघरात, पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवायला.

अडचण अशी की मला कोणी प्रश्नच विचारत नाही. काउंटरवर येणारे विचारतात की पंख्याचं बटण कुठलं, आणि शब्दकोडं पेनाने कोणी भरलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, दे ठोकून एखादा मनाचा. मी प्रश्नाची जागा कोरी ठेवून तुला हे लिहायला घेतलं. तू एखादा प्रश्न विचारशील का? पण खरा हवा.

निकाल कसाही लागला तरी माया आतासारखीच ठेव.

तुझी,
मुंगी

८ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

विचारला असता, पण मला प्रश्नच नाही. सगळी नोकरी ग्रंथपाल म्हणून लोकांचे प्रश्न सोडवण्यात गेली, त्यात माझेही सुटून गेले. घर कसं वर्गवार लावलेलं आहे ते तुला सांगायला नको, आमच्या कपाटांवरच्या चिठ्ठ्या वाचतच तू अक्षरं शिकलीस. या घरात आजवर एकही वस्तू हरवलेली नाही. तुझे काका अधूनमधून हरवल्यासारखे फिरतात, ते सोड.

प्रश्न मनाने मात्र रचू नकोस. मला कळलं नाही तरी तुला कळेल, आणि मग तू महिनाभर जेवणार नाहीस. बाई थिजल्या तरी पाठ ताठच ठेव, ते वाया जात नाही.

आमची काळजी तू करतेसच, त्यातली थोडी स्वतःसाठी ठेव.

तुझी,
मावशी

१० मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

भाजी आणायला म्हणून निघालो आणि पोस्टात उभ्याउभ्या हे लिहितो आहे. तुझ्या मावशीने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मला प्रश्न आहे.

माझा माऊथ ऑर्गन कुठे आहे? हिवाळ्यात तिने सगळं घर नव्याने लावलं तेव्हापासून तो दिसत नाही. विचारलं तर म्हणते, लपवलेला नाही, योग्य वर्गात लावला आहे, शोधा. पुन्हा विचारलं तर म्हणते, ज्याला वर्ग कळत नाही त्याला वस्तू मिळून काय उपयोग. माझा संशय असा (तुझ्यामाझ्यातच ठेव) की कुठे घातला ते ती स्वतःच विसरली आहे, आणि जीव गेला तरी कबूल करणार नाही.

संगीत, करमणूक, धातूच्या वस्तू, सगळे कप्पे पाहिले. तोंडाने वाजतो म्हणून दातांच्या औषधांतही हात घातला. बागेत आमची मंडळी गातात आणि मी नुसत्या टाळ्या वाजवत बसतो, बरं दिसत नाही.

कोबी विसरलो तर बिंग फुटेल, म्हणून आवरतो. लोभ कर, आणि उत्तर खाली दिलेल्या मित्राच्या पत्त्यावर कर.

तुझा,
काका

१४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. मग असा आनंद होणं हा मावशीवर अन्याय आहे का, याचा विचार करत बसले.

आमच्या बाई सांगतात की शोधताना आपले शब्द चालत नाहीत, ठेवणाऱ्याचे शब्द लागतात. तुम्ही 'संगीत' म्हणून शोधलंत. लहानपणी मी एकदा स्वयंपाकाचा चिमटा हत्यारांत ठेवला होता, तेव्हा मावशीने समजावलं होतं की वस्तू कशी दिसते ते बघू नये, ती काय करते त्यावर तिचा वर्ग ठरतो. तेव्हा माऊथ ऑर्गन काय करतो, ते मावशीच्या बाजूने पाहायला हवं. तुम्ही तो शेवटचा वाजवलात तेव्हा ती काय करत होती, आणि नेमकं काय म्हणाली? शब्द न बदलता कळवा. लागट असले तर तेही.

मोठ्या मनाने उत्तर द्यावं आणि लोभ कमी करू नये.

तुमची,
मुंगी

१९ मार्च

मुंगे,
आशीर्वाद. सापडला.

तुझं पत्र वाचून आठवलं. ती दुपारी जरा आडवी झाली होती, मी खिडकीत बसून वाजवत होतो, आणि ती म्हणाली होती की यापेक्षा डास बरे, ते निदान मधूनमधून थांबतात. 'डास' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवून माळ्यावर चढलो. 'उपद्रव' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात उंदरांचा सापळा, डासांच्या अगरबत्त्या, ढेकणांची पावडर, आणि मधोमध माझा माऊथ ऑर्गन, मऊ फडक्यात नीट गुंडाळलेला.

समाधान पूर्ण झालं आहे, सही सोबत आहे. ती बाहेर गेली आहे तोवर वाजवून घेतो.

तुझा ऋणी,
काका

२३ मार्च

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

पोटात ठेवणं जमत नाही म्हणून लिहिते. काकांनी मला माऊथ ऑर्गनचा प्रश्न विचारला आणि तो सुटला. वस्तू कुठे सापडली ते अहवालात लिहावं लागतं. 'माळ्यावर' एवढंच लिहिलं तर खोटं होत नाही, पण पुरतं खरंही होत नाही. सगळा शोध त्या डब्यावरच्या एका शब्दात आहे. आणि तो लिहिला तर बाई तुला हसतील. तूच शिकवलेल्या गोष्टीवर मी टेबल मिळवायचं आणि हसं तुझं व्हायचं, हे मला सहन होणार नाही.

तुझी हरकत असेल तर अहवाल पाठवत नाही. तळघर तसं थंड असतं, आणि चिकटवण्यात माझा हात बसलेला आहे. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. रागावली असलीस तर सरळ तसं लिही, मला अंदाज करायला लावू नकोस.

रागावूनही लोभ ठेवता येतो, तेवढा ठेव.

तुझी,
मुंगी

२७ मार्च

चि. मुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू लिहायच्या आधीच मला कळलं होतं. तुझ्या काकांना वाजवताना खिडकी लावायचं सुचत नाही, आणि तुझं त्यांना आलेलं पत्र खिशातून काढायचंही.

अहवाल पाठव, आणि 'उपद्रव' ठळक लिही. वर्ग बरोबरच होता. कुठे ठेवला ते मी विसरले होते, हेही लिही. त्यांच्या नकळत मी तो कितीदा तरी शोधला, आणि त्यांच्यासारखाच संगीताच्या कप्प्यात शोधला. म्हणजे ठेवणारी मी एक आणि शोधणारी मी दुसरी. हे मला इतक्या वर्षांत कोणी शिकवलं नाही, तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. टेबलावर बसलीस की पहिला प्रश्न माझा असेल. आता बरेच आठवू लागले आहेत.

एक दुरुस्ती मात्र कर. वर्ग कळल्यापासून तुझे काका इतके सरळ झाले की दुपारी माझ्यादेखत वाजवून झाल्यावर शिडी लावून तो पुन्हा त्या डब्यात ठेवत. परवा सर्दीने ते वाजवू शकले नाहीत, आणि मला दुपारभर डोळा लागेना. काल मी तो खाली आणला. आता तो मीठ आणि काडेपेटीच्या फळीवर आहे. तिथली चिठ्ठी जुनीच आहे, तुझ्याच अक्षरातली: 'रोज लागणारे'.

लोभ आहेच, तो तुला शोधावा लागणार नाही.

तुझी,
मावशी