चिंगळू

श्री
पूर्णगड, कार्तिक वद्य १३, शके १८५३

चि. सौ. मालन हिस सखारामदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा एकादशीला सकाळी देवपूजा आटोपून मी अंगणात आलो आणि भिरक्याला मारले. कपाळावरचे गंध अजून ओले होते.

माकडांवर ठेवायला म्हणून तूच तो कुत्रा पिल्लू असताना दिलास. धावण्यात त्याला तोड नाही, पण एकदा सुटला की कान नसल्यासारखा. त्या दिवशी कुंपणाचा दगडी गडगा ओलांडून शेजारच्या यमुनाबाईच्या करडामागे लागला. घसा सुकेपर्यंत मी ये, ये ओरडलो. करडू खाली पाडल्यावर त्याला सोडून आपल्या मनाने शेपूट हलवत आला, माझ्या पायांशी. हातात गुरांचे दावे होते. किती मारले ते कळले नाही. जिचे करडू, त्या यमुनाबाईनेच माझा हात धरला. म्हणाली, की मारायचेच असेल तर आधी गळ्यातली माळ काढून खुंटीला लाव.

करडू जगले. पण कुत्रा पुन्हा मोकळा सुटून अंगावर आला तर आपला मुलगा धोंडू बंदूक उचलील, असे ती बजावून गेली. आता तो बांधलेला असतो. माकडे पपया खातात आणि तो बघतो. मी ये म्हटले की दाव्याच्या टोकापर्यंत मागे जाऊन जमिनीला पोट लावतो. तुझ्या वहिनीने हाक मारली तर मात्र उठतो. जपाला बसलो तरी तेच पोट डोळ्यांपुढे येते. त्याला परत मालगुंडला धाडू का? तिथे तरी जगेल.

सर्वांस आशीर्वाद. माझ्यावरची माया कमी करू नकोस, इतकेच मागतो.

तुझा
सखारामदादा

॥

श्री
मालगुंड, मार्गशीर्ष शुद्ध ६

ती. दादाचे चरणी मालनचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग रागावले, मग भात लावला आणि पुन्हा वाचले. भिरक्याला धाडू नकोस. मारलेस तू, तर शिकायचेही तूच.

गणपतीत मी परत निघाले तेव्हाचे आठव. अंगणाच्या दाराशी, बेड्यापाशी उभा राहून तू मला म्हणालास, ये गो. मी म्हटले, येते. वहिनी पोरांना म्हणाली, या रे. कुत्रा मध्ये उभा राहून ऐकत होता. आपल्या घरात जाणाऱ्याला कोणी जा म्हणत नाही, अशुभ म्हणून. म्हणजे त्या मुक्याने आजवर काय पाहिले? ये म्हटले की माणूस लांब जातो! आणि एकदा अर्थ समजून आला, तर तू दावे उगारलेस.

तो शब्द आता नासला. दुसरा घे. रामाचे नाव घेऊ नकोस, नाहीतर तू जपाला बसलास की कुत्रा मांडीवर येऊन बसेल. रागाने उच्चारताच येणार नाही असा शब्द हवा. मला एकच सुचतो. तू सुकटीएवढा जन्मलास म्हणून आई तुला ज्या नावाने हाक मारायची, ते. चिंगळू! माळकऱ्याच्या तोंडी कोळंबी, देव हसेल, पण रागावणार नाही. लांब दोर बांधून शिकव, आला की खोबऱ्याचा तुकडा दे, आणि आल्यावर कधीही, कशासाठीही, हात उगारू नकोस.

वहिनीला नमस्कार. मी फार बोलले. पोटात घाल आणि लोभ ठेव.

तुझी
मालन

॥

श्री
पूर्णगड, माघ वद्य २

चि. सौ. मालन हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे ऐकले, पण निम्मेच. ते नाव मी सड्यावर जाऊन घेत होतो, जिथे कातळाखेरीज ऐकायला कोणी नाही. वाडीत कोणी दिसले की मी मुका. सड्यावर तो दोराने येऊ लागला, मग दोर नुसता घसटत असतानाही. तुझी वहिनी म्हणाली, की मारताना वाडी बघत होती तेव्हा लाज वाटली नाही, हाक मारतानाच कशी वाटते?

म्हणून काल सकाळी यमुनाबाईला आधी सांगून आलो. शेळ्या सोडलेल्या असतानाच आमच्या अंगणात त्याचा दोर सोडला. धोंडू बंदूक घेऊन गडग्यावर बसला होता. भिरक्याने शेळ्या पाहिल्या मात्र, बाणासारखा सुटला. मी छाती फोडून ओरडलो, चिंगळूऽऽ! वाडी हसली. धोंडूला तर हसताना बंदूक धरवेना. आणि मालन, धावता धावता तो वळला.

आला, पण हातभर अंतरावर थांबला. माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मी धुळीत बसलो, दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग त्याने नाक माझ्या छातीला लावले, माळेपाशी. यमुनाबाई शेळ्यांमागे गेली.

आता वाडीतली पोरे मला चिंगळूआजा म्हणतात. म्हणोत.

तुझ्या घरच्या मंडळींस नमस्कार. तुझा लोभ आहेच. भिरक्याचा पुन्हा मिळवतो आहे. आता त्याला बांधायचे नाही, असे ठरवले आहे. आज सकाळी ते दावे विहिरीच्या पोहऱ्याला लावून टाकले.

तुझा
चिंगळू