ब्रुनोला झोप लागत न्हाई तवा

व्यंकट,

सूनबाई दीपमाला म्हणली, कुत्रं माझ्या लाडानं बिघडलं. म्हणून मी नायगावला, आपल्या घरी चालले. ब्रुनोच्या पिंजऱ्याचं दार लावू नको, आता तो आपल्या पायानं आत जातो. तुझ्या मोबाईलातल्या व्हिडिओनं न्हाई शिकवलं, मी भाकरीचे तुकडे आत टाकून शिकवलं. रडला तरी जवळ जाऊ नको म्हणला होतास. तुम्ही दोघं ड्युटीवर गेलात की मी पिंजऱ्याला टेकून त्याच्याशी बोलत बसायची. दुसरं हाय कोण बोलायला? आता माझ्या आवाजाबिगर त्याला झोप लागत न्हाई. आत माझं पातळ अंथरलंय. तरी बी रडला तर मला फोन लाव, अन् त्याच्या कानाला धर. तो झोपला की लगेच कट करू नको.

आई