चार रविवारचे गुण

तेर, १२ एप्रिल १९६२

ति. मकबूलभाईजान यांस,
फरिदाचा सादर सलाम. वि. वि.

इथं सर्व खुशाल. अम्मीचा गुडघा बरा आहे. मास्तरकीच्या ट्रेनिंगसाठी तुम्ही जानेवारीपासून अधूनमधून घरी येऊन चार रविवार माझ्याकडून बुद्धीच्या चाचण्या सोडवून घेतल्यात, पण निकाल गुलदस्त्यातच! माझाही ट्रेनिंगचा अर्ज तीस तारखेच्या आत जायला हवा. अब्बा म्हणतात, मकबूलचं पत्र येऊ दे, मग सही करतो. तेव्हा आळस सोडा आणि लिहा.

आपली लाडकी,
फरिदा


उस्मानाबाद, १८ एप्रिल

चि. फरिदास अनेक दुवा.

तुझे गुण ८१, ५२, ४९, ८३. आमचे सर सांगतात, खरी हुशारी दर वेळी सारखीच दिसते. आज वर, उद्या खाली, अशा डोक्याची खात्री देता येत नाही. अब्बांनाही तसंच कळवलं आहे. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातच्या खिचड्याची मात्र मी कधीही खात्री देईन!

तुझं भलं चिंतणारा,
मकबूल


तेर, २ मे

ति. भाईजान यांस सलाम.

अब्बांनी सही केली नाही. तारीख गेली. लोहाऱ्याच्या स्थळाला होकार कळवायचं चाललंय. दोन दिवस मी नुसती रडले. मग कॅलेंडर काढून बसले.

मधले दोन्ही रविवार रमजानचे होते. दुपारचे चार, पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, डोळ्यांपुढं अक्षरं नाचत होती. तुम्ही समोर घड्याळ धरून बसला होतात. तुमचा रोजा नव्हता, म्हणून माझा ध्यानात आला नसेल. तुमच्या कोटाच्या खिशातली शेंगांची टरफलं मीच झाडली होती. अम्मीला अजून बोलले नाही.

काल तुमच्या ट्रंकेत तुमच्या स्वतःच्या चाचण्यांचे कागद सापडले. ७६, ४८, ७९. अठ्ठेचाळीसपुढं तुम्ही लाल शाईनं लिहून ठेवलंय, "त्या दिवशी ताप होता." भाईजान, माझ्या बावन्नपुढं एक शब्द लिहायला तुमच्या दौतीत शाई नव्हती? अब्बा आता मला साधा हिशेबसुद्धा विचारत नाहीत. परक्यानं हे केलं असतं तर इतकं लागलं नसतं.

तुमचे कागद होते तसे ठेवले आहेत. ते अब्बांना तुम्हीच दाखवा. मी दाखवणार नाही.

लोभ असू द्यावा, असं शेवटी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

फरिदा