पंडितांचा डबा

सोमवार, २ मार्च

धाकट्या दिरानं आमच्या लाँड्रीत संगणकाचा डबा आणून बसवला — साबणाच्या पिंपाशेजारी! क्रिप्टोत व्यवहार, म्हणे. मुख्य खात्यावर दरवेळी शुल्क पडतं, म्हणून आपण साबणवाल्याबरोबरच्या सामाईक खात्यात एकदाच पैसे अडकवायचे. मग आपसात आकडा बदलत राहायचा आणि शेवटचा तेवढा मुख्य खात्यावर टाकायचा.

"त्यानं जुनाच आकडा पुढे केला तर?" मी विचारलं.

"म्हणून डबा सतत चालू हवा, वहिनी. लबाडी पकडली की लबाडाचे सगळे पैसे समोरच्याला!"

वा रे सोय! नव्या धुलाई मशीनसाठी साठवलेली दिराची सगळी पुंजी आत कोंडलीय. आजपासून मी त्याला पंडित म्हणणार.

शुक्रवार, ६ मार्च

हॉटेलवाल्याचे चादरींचे पैसे साबणवाल्यामार्फत डब्यात येईनात. "सगळे आपल्याच बाजूला आहेत, आधी साबणाचे गेले की जागा होईल," इति पंडित. पैसे घ्यायला आधी पैसे द्यायचे! माझ्या गल्ल्याला असले नखरे नाहीत.

बुधवार, ११ मार्च

पंडित परगावी. डब्याचा दिवा विझला, त्यांचा फोन लागेना. हातावर हात ठेवून कोण बसणार? पहिल्या दिवशी मी पेनड्राइव्हवर डब्यातल्या हिशेबाची प्रत काढून ठेवली होती, तीच लावली. दिवा लागला! म्हटलं, ही कटकट मिटवूनच टाकू. व्यवहार बंद करायचं बटण दाबलं.

पडद्यावर आमचे पूर्ण पैसे. साबणाचे एकदाही वजा नाहीत! पंडितांना साधी वजाबाकी जमत नाही.

शुक्रवार, १३ मार्च

पैसे गेले. सगळे! साबणवाल्याच्या डब्यानं आपोआप उचलले. त्याला फोन केला तर हसतो — "ताई, हा नियम तुमच्या दिरानंच मला समजावला."

सासूबाईंना सांगितलं, बघा तुमच्या हुशार लेकाचे प्रताप!

शनिवार, १४ मार्च

पंडित आले. पेनड्राइव्ह लावून तारीख पाहिली.

"वहिनी, ही जुनी प्रत. त्यानंतर दिलेले साबणाचे पैसे यात नोंदलेलेच नाहीत. त्याच्या डब्याला वाटलं, आपण लबाडी करतोय."

"मग तुमच्या डब्याला माणूस ओळखता येत नाही का?" मी ओरडले. त्यांनी पेनड्राइव्ह खिशात घातला. मला मात्र जेवण गेलं नाही.

रविवार, १५ मार्च

सासूबाईंनी सगळ्यांसमोर भावोजींची खरडपट्टी काढली. ते म्हणाले, "चुकलं माझं, आई."

मी चादरींच्या घड्या घालत राहिले.